‘रेल्वेची सवलत’: मक्ता, सनद की आणखी काही?

बगदाद रेल्वेवरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. ‘१९०३ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने जर्मनांच्या कंपनीला कोन्या ते बगदाद रेल्वेची सवलत दिली.’ घरी वाचून दाखवलं तर सासरे म्हणाले, “ज्येष्ठ नागरिकांनाच की सगळ्यांना?” कोशात ‘कन्सेशन’समोर सवलतच आहे, पण इथे मामला तिकिटाचा नाही. मध्य तुर्कस्तानातल्या कोन्यापासून बगदादमार्गे आखाताच्या दिशेने रेल्वे बांधायची, ९९ वर्षं चालवायची, वर रुळांच्या दोन्ही बाजूंना २० किलोमीटरपर्यंतच्या खाणींवर हक्क. याला काय म्हणावं?

⁂

मक्ता! अरबी शब्द आहे, धातूचा अर्थ कापणे, तोडणे. गझलेचा शेवटचा शेर मक्ता, तोही याच धातूचा. तुर्की महसुलात ‘मुकाता’ होताच, म्हणजे सुलतानाच्या घरचाच शब्द. फक्त ‘मक्तेदारी’ लिहू नका. तुर्कस्तानात इंग्रजांच्या आणि फ्रेंचांच्याही रेल्वे होत्या.

⁂

मक्ता नको. आमच्या आजोबांकडे आठवडी बाजाराच्या वसुलीचा मक्ता होता. लिलावात बोली लावायची, ठरलेली रक्कम ग्रामपंचायतीत भरायची, मग बाजारच्या दिवशी पाटीमागे गुलाबी पावती फाडत हिंडायचं. पाऊस पडून बाजार मोडला की तूट आजोबांच्या खिशातून. म्हणजे मक्त्यात पैसा मक्तेदाराकडून सरकारकडे जातो, आणि धोकाही मक्तेदाराचा.

बगदादला सगळं उलटं. बांधणीसाठी काढलेल्या रोख्यांपोटी सरकारने दर किलोमीटरला वर्षाकाठी ११,००० फ्रँक द्यायचे, शिवाय गाड्या चालवण्यासाठी किलोमीटरमागे ४,५०० फ्रँकची हमी. त्यासाठी कोन्या, हलब (अलेप्पो) आणि उर्फा या प्रांतांतला दशमांश कर, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, तारण. गाडी रिकामी धावली तरी कंपनीचं पोट भरलेलं, तूट तिथल्या शेतकऱ्याची. याला मक्ता म्हणालात तर आजोबा वरून पावती फाडतील.

पैसे किलोमीटरवर, त्यामुळे सपाट जमीन म्हणजे लोण्याचा गोळा. पहिला टप्पा कोन्या ते बुलगुर्लू, २०० किलोमीटर, पठारावरून, १९०४ मध्ये तयारही झाला. पुढे टॉरस पर्वत उभा राहिला आणि काम कित्येक वर्षं तिथेच थांबलं. त्या पर्वतातले बोगदे १९१८ मध्ये पुरे झाले. इस्तंबूलहून थेट बगदादला गाडी गेली १९४० मध्ये. तोवर तुर्कांचा सुलतानही नव्हता आणि जर्मनांचा बादशहा कैसरही.

⁂

‘सनद’ कोणी सुचवायच्या आत सांगतो: सनद म्हणजे कागद. हक्क सनदेने मिळतो, पण हक्काला सनद म्हणत नाहीत.

खरा शब्द वरच्या प्रतिसादातच आहे, ‘हमी’. आपल्याकडची जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे अशीच बांधली: १८४९ च्या करारात ईस्ट इंडिया कंपनीने भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी घेतली होती. तिथे टक्केवारी, इथे किलोमीटर, एवढाच फरक. तेव्हा एका शब्दाचा हट्ट सोडा आणि वाक्य फोडा. आणि हो, ‘बर्लिन–बगदाद’ हे लोकांनी पाडलेलं नाव. करारातली रेल्वे कोन्यापासून सुरू होते. मथळ्यात ठेवा, मजकुरात नको.

⁂

फोडलं: ‘१९०३ च्या करारान्वये सुलतानाने कोन्यापुढची रेल्वे बांधण्याचा आणि ९९ वर्षं चालवण्याचा हक्क कंपनीला दिला, वर किलोमीटरमागे उत्पन्नाची हमीही दिली.’ सासऱ्यांनी पास केलं.

आता पुढची अडचण. एप्रिल १९१६ मध्ये इराकमधलं कुत पडलं तेव्हा इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली, त्यात मराठा पलटणीही होत्या. त्यांतल्या हिंदी कैद्यांना सीरियातल्या रास अल-ऐनला याच रेल्वेच्या कामावर नेलं. मूळ लेखात ‘कामावर ठेवले’ आहे. ते मला फार गोड वाटतं.

⁂

‘जुंपले’.