‘द वायर’ : विक्री डोळ्यांसमोर दिसत असताना पोलीस थांबतात कशासाठी?

प्रश्न : गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार. धाकट्या भावाच्या आग्रहावरून मी ‘द वायर’ ही अमेरिकन मालिका पाहायला घेतली असून पहिल्या पर्वाचे पाच भाग पाहून झाले आहेत. बाल्टिमोर शहरातील एका गरीब वसाहतीत, घरांच्या मधल्या मोकळ्या चौकात, जुन्या नारिंगी सोफ्यावर बसून पोरे दिवसाढवळ्या हेरॉइन विकतात. समोरच्या गच्चीवरून पोलीस त्यांची छायाचित्रे काढतात, पैसे कोण घेतो आणि माल कोण आणून देतो हेही त्यांना कळलेले असते, आणि तरीही ते खाली उतरून कोणाला धरत नाहीत.

हे पाहताना माझी फार चिडचिड झाली. त्याचे कारण मालिकेबाहेरचे आहे. आमच्या भागात संध्याकाळ झाली की एका बंद गाळ्याच्या ओट्यावर पंधरा-सोळा वर्षांची पोरे जमतात, आणि नशेच्या ज्या गोळ्यांना इकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणतात त्या तिथे मिळतात, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. ‘सगळ्यांना दिसते, मग पोलिसांना का दिसत नाही?’ हा प्रश्न आमच्या घरी रोज जेवताना निघतो. म्हणून जाणकारांना विचारतो : मालिकेतील पोलिसांचे हे थांबणे खरोखर कायद्यामुळे आहे, की तेरा भाग भरून काढण्यासाठी कथा लांबवलेली आहे?

उत्तर : निवृत्त हवालदार, धुळे

दादा, कथा लांबवलेली नाही. तुम्हाला संथ वाटलेले पहिले पाच भाग हीच त्या तपासाची खरी कागदपत्रे आहेत, आणि हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण नोकरीतील बरीच वर्षे मी याच कामात काढली आहेत.

तिसऱ्या भागातील छापा आठवा. वरिष्ठांना तातडीने काहीतरी दाखवायचे असते म्हणून पोलिसांना वसाहतीत घुसवले जाते, पोरांना भिंतीला लावले जाते, आणि हाती जवळजवळ काहीच लागत नाही, कारण माल आधीच दुसरीकडे हलवलेला असतो. त्या टोळीची रचनाच तशी आहे. पैसे घेणारा मालाला हात लावत नाही, माल देणारा पैशाला हात लावत नाही, आणि ज्याच्या नावाने हा सगळा धंदा चालतो तो एव्हॉन बार्क्सडेल तर चौकात फिरकतही नाही. त्याचे छायाचित्रसुद्धा पोलिसांकडे नसते. ते कोठे सापडते, तर मुष्टियुद्धाच्या स्पर्धेच्या एका जुन्या भित्तिपत्रकावर, आणि शोधून काढतो कोण, तर वर्षानुवर्षे कोपऱ्यात बसवून ठेवलेला लेस्टर फ्रीमन. आता मला सांगा, सोफ्यावरच्या पोरांना उद्या उचलले तर काय होईल? परवा त्या सोफ्यावर दुसरी पोरे बसतील. मी हे माझ्या डोळ्यांनी अनेकदा पाहिले आहे.

मग वरच्या माणसापर्यंत पोहोचायचे कसे? त्याचा आवाज ऐकून. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानुसार कोणाच्या फोनवरील बोलणे ऐकायचे असेल तर न्यायाधीशाचा आदेश लागतो, आणि तो मागताना पोलिसांना शपथेवर लिहून द्यावे लागते की नेहमीचे मार्ग आम्ही वापरून पाहिले व ते फसले, किंवा ते का फसतील याची ही कारणे आहेत. दुसऱ्या भागात बबल्स नावाचा व्यसनी खबऱ्या टोप्या विकण्याच्या मिषाने टोळीतील पोरांच्या डोक्यावर लाल टोपी ठेवून पाहतो आणि गच्चीवरचा कॅमेरा तेवढ्यांचीच छायाचित्रे घेतो. तो प्रसंग, फसलेला छापा आणि पाळत ठेवण्यात गेलेले दिवस, हे सगळे त्या शपथपत्रात जाऊन बसते. छापा फसला नसता तर फोन ऐकण्याचा आदेश मिळणे अधिक अवघड झाले असते, असे मी म्हणेन. फोनवर कान लागेपर्यंत जवळजवळ निम्मे पर्व उलटते ते याच कारणाने.

आदेश मिळाल्यावरही मोकळे रान नसते. टोळीचे निरोप पेजरवर, म्हणजे कोणत्या क्रमांकावर फोन करायचा तो आकडा दाखवणाऱ्या खिशातल्या छोट्या यंत्रावर, येतात आणि उत्तरे सार्वजनिक फोनवरून दिली जातात. पेजरवर आकडे उलटवून पाठवण्याची त्यांची युक्ती साधी पण बिनतोड आहे : फोनच्या बटणांवर पाचच्या पलीकडचा आकडा दाबायचा, म्हणजे एकच्या जागी नऊ, दोनच्या जागी आठ, आणि पाच व शून्य यांची अदलाबदल. हे कोडे सुटते, तरी सार्वजनिक फोनवर बोलणारा माणूस टोळीतलाच आहे हे गच्चीवरच्या पोलिसाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खाली बसलेल्याने ते बोलणे ऐकायचे नाही, आणि कोणी आईशी घरगुती बोलत असेल तर यंत्र बंद करायचे. थंडीत गच्चीवर बसून फोनकडे बघत राहण्याचे हे रटाळ काम पडद्यावर मी अन्यत्र कोठेही पाहिलेले नाही. ते इतके खरे उतरले आहे, कारण मालिकेचा कर्ता डेव्हिड सायमन हा ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकाचा गुन्हेवार्ताहर होता, आणि त्याचा सहलेखक एड बर्न्स त्याच शहराच्या पोलीस दलात खुनांचा तपास करत असे.

तुमच्या ओट्याबद्दल एवढेच सांगतो. खात्यात महिन्याच्या बैठकीत किती गुन्हे दाखल केले आणि किती मुद्देमाल धरला हे विचारले जाते. सहा महिने एकाच माणसामागे घालवणाऱ्याच्या रकान्यात त्या सहा महिन्यांत शून्य दिसते. म्हणून पुडीवाला धरला जातो, पंचनामा होतो, आकडा भरतो. मीही असे आकडे भरले आहेत, आणि त्याची मला आजही बोच आहे.

उत्तर : वकील, अमळनेर

हवालदार अप्पांनी अमेरिकेची बाजू बरोबर सांगितली आहे, पण आपल्याकडे एक महत्त्वाचा फरक आहे. इथे फोन ऐकण्याची परवानगी न्यायालय देत नाही, तर नेहमीच्या परिस्थितीत राज्याच्या गृह सचिवांचा आदेश लागतो. या अधिकाराला १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंधने पुढे नियमांत आली, आणि एक आदेश ६० दिवसांपेक्षा जास्त व एकूण १८० दिवसांपेक्षा जास्त चालत नाही.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर कमाल शिक्षा एक वर्ष, आणि २० किलोच्या वर गेला तर किमान दहा वर्षे. कलम २९ नुसार कटात सामील असलेल्यालाही मालासह सापडलेल्याइतकीच शिक्षा आहे, पण तो संबंध सिद्ध करायचा कशाने? अटकेतल्या पोराने मालकाचे नाव सांगितले तरी पोलिसांपुढचा तो जबाब पुरावा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर अगदी स्पष्ट झाले आहे. त्यामुळे फोन, पैशाची वाट आणि स्वतंत्र साक्षीदार एवढेच उरते, आणि त्याला वेळ लागतोच.

उत्तर : शिक्षिका, शिरपूर तालुका

दोन्ही उत्तरे मनापासून वाचली आणि कायद्याचे म्हणणे मला पटले. पण थांबण्याची किंमत कोण मोजतो, याबद्दल इथे कोणी काही लिहिले नाही, म्हणून लिहिते.

दादा, त्या चौकातल्या वॉलेस नावाच्या मुलाकडे लक्ष ठेवा. सोळा वर्षांचा हा पोर एका ओसाड घरात त्याच्याहून लहान मुलांना सांभाळतो आणि सकाळी शाळेत पाठवताना प्रत्येकाच्या हातावर खाऊचे पाकीट व रसाचा डबा ठेवतो. त्याचे पुढे काय होते ते मी सांगणार नाही. एवढेच म्हणते की मोठ्या माशाची वाट पाहणाऱ्यांच्या नजरेत तो आधी कोणीच नसतो, मग साक्षीदार होतो, आणि नंतर गडबडीत विसरला जातो. खटला मजबूत होत असताना मूल हातचे जाते, हे मालिकेने लपवलेले नाही, आणि म्हणूनच मी तिला मानते.

आमच्या इकडे सातपुड्याच्या आतल्या पट्ट्यात गांजाची शेती उपटून टाकल्याच्या बातम्या वारंवार येतात. कापूस आणि तुरीच्या ओळींमध्ये लावलेली झाडे जप्त होतात, जमीन कसणारा आत जातो, आणि त्याची मुले माझ्या वर्गातून नाहीशी होतात. माल विकत घेणारा कोण होता, हे त्या बातमीत मी कधीच वाचलेले नाही. एका मुलीचे नाव हजेरीपटावरून कमी करताना माझा हात थांबला होता, ते मी अजून विसरलेले नाही.

जमल्यास चौथे पर्व जरूर पाहा. ते शाळेवर आहे. पोलीस दल सोडून गणित शिकवायला आलेला प्रिझबिलेव्स्की तिथे पाहतो की परीक्षेचे निकाल चांगले दिसावेत म्हणून वर्गात शिकवणे थांबवून प्रश्नांची घोकंपट्टी करून घेतली जाते, आणि आकडे सजवण्याची ही रीत त्याला जुन्या नोकरीतून लगेच ओळखू येते. एड बर्न्सने पोलिसांतून निवृत्त झाल्यावर बाल्टिमोरच्याच शाळेत शिकवले होते, त्यामुळे त्या वर्गातला गोंगाटसुद्धा खरा वाटतो. पाचवे पर्व मात्र मला जमलेले वाटले नाही. त्यातील पोलिसांची बनवाबनवी पहिल्या चार पर्वांच्या संयमाशी जुळत नाही.

उत्तर : निवृत्त हवालदार, धुळे

ताई, तुमचे म्हणणे मान्य आहे. वाट पाहायचीच असेल तर त्या काळात पोराला तिथून बाजूला काढणारा कोणीतरी हवा, आणि तो पोलिसांतलाच असला पाहिजे असे नाही. अमली पदार्थ कायद्यात त्याला जागाही आहे : अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर कलम ६४-अ खाली त्याच्यावरचा खटला टळू शकतो. माझ्या संपूर्ण नोकरीत हे कलम एखाद्या पोराच्या बापाला समजावून सांगताना मी कोणाला पाहिले नाही, आणि मीही कधी सांगितले नाही.

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचे आभार. काल रात्री लाल टोप्यांचा तो प्रसंग मी भावासोबत पुन्हा पाहिला, आणि पहिल्या वेळी जो मला वेळकाढूपणा वाटला होता त्यात एकेका टोपीमागे एकेक नाव जमा होत आहे, हे या वेळी नीट दिसले. शिक्षिका ताईंनी सांगितल्यापासून सोफ्याच्या कडेला बसलेल्या वॉलेसवरून माझी नजर हटत नाही. अप्पा, कलम ६४-अ बद्दल मी सविस्तर माहिती मिळवत आहे. त्या ओट्यावर बसणाऱ्यांपैकी एका पोराचे वडील माझ्याच कारखान्यात पाळीला असतात. रविवारी त्यांना घरी बोलावले आहे.