रोझो बंदरात एक दिवस: आईवडिलांना डॉमिनिका कसे दाखवावे?

नदीकाठ, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत आम्ही सहा जण क्रूझने कॅरिबियन बेटांच्या सफरीला निघणार आहोत. जहाज पोर्तो रिकोतील सान हुआन येथून सुटेल आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता डॉमिनिका बेटाच्या राजधानीत, म्हणजे रोझोच्या बंदरात लागेल. सायंकाळी पाच वाजता ते पुढे निघते आणि साडेचारपर्यंत सर्वांनी जहाजावर परतायचे असते. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक यांत नेहमी गल्लत होते, म्हणून आधीच स्पष्ट करतो की मी ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधल्या, जेमतेम साडेसातशे चौरस किलोमीटरच्या स्वतंत्र देशाबद्दल विचारत आहे.

माझे वडील पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी सांगलीला तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, पश्चिम घाट पायी पालथा घातला, पण या गोलार्धातले सदाहरित अरण्य त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिलेले नाही. संपूर्ण सफरीत त्यांचे लक्ष लागले आहे ते या एकाच बंदराकडे. आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर ती अर्धा तास सहज चालते, मात्र पायऱ्या उतरताना तिला हात द्यावा लागतो, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. सोबत नऊ आणि तेरा वर्षांची मुले आहेत.

जहाज कंपनीची सहल ट्रॅफल्गार धबधबे, एमरल्ड पूल नावाचा अरण्यातला डोह आणि शहरदर्शन असे सारे एका दिवसात उरकते, पण सहा जणांचा खर्च पाहता बंदराबाहेर टॅक्सी ठरवावी असे वाटते. वडिलांना अरण्य दिसेल आणि आईला नुसते गाडीत बसून राहावे लागणार नाही, असा दिवस आखता येईल का? टॅक्सीने जाणे सुरक्षित आहे का? आईच्या जेवणाचे काय करावे आणि कागदपत्रांची काही विशेष काळजी घ्यावी लागते का, हेही कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.

दर्याकिनारा, ठाणे

नमस्कार. आम्ही रोझोला दोनदा उतरलो आहोत, एकदा २०१६ च्या जानेवारीत आणि पुन्हा २०१९ च्या डिसेंबरात. पहिल्या खेपेस आम्हीही तीन ठिकाणांच्या मागे धावलो होतो आणि त्या दिवसातला बराचसा वेळ घाटरस्त्यात गेला. दुसऱ्या खेपेस सासूबाई बरोबर होत्या, म्हणून रोझोचे एकच खोरे निवडले, आणि तो दिवस त्या अजून आठवणीने सांगतात. तुम्हीही तेच करावे असे मी अगदी मनापासून सुचवते. एमरल्ड पूल सुंदर आहे, पण त्याच्यासाठी जाण्यायेण्यातच दीड तास जातो आणि ट्रॅफल्गारला जे अरण्य दिसते त्याहून फार वेगळे असे तिथे काही पदरात पडत नाही.

ट्रॅफल्गारला पोहोचायला बंदरापासून वीस-पंचवीस मिनिटे लागतात. साडेआठच्या आत निघालात तर सहलींच्या बसगाड्या येण्यापूर्वी तिथे शांतता मिळते, आणि अरण्यात शांततेला फार मोल आहे. प्रवेशद्वारापासून लाकडी सज्जापर्यंतची वाट दहा-पंधरा मिनिटांची आहे. वाटेत काही पायऱ्या आहेत आणि पाऊस पडून गेलेला असल्यास त्या निसरड्या होतात, म्हणून आईंच्या पायात मागे पट्टा असलेली, खाचा पडलेल्या तळव्याची पादत्राणे आणि हातात काठी असावी. सज्जावरून दोन्ही धबधबे समोर दिसतात. डावीकडचा उंच तो पिता आणि उजवीकडची रुंद ती माता, असे तिथले लोक म्हणतात. सज्जाच्या पुढे मोठमोठ्या धोंड्यांवरून चढून पाण्याच्या डबक्यांपर्यंत जाता येते, पण तिथे आईंनी मुळीच जाऊ नये आणि मुलांनाही वाटाड्याशिवाय सोडू नये.

वडिलांसाठी खरी मेजवानी त्या वाटेवरच आहे. दोन्ही बाजूंना वृक्षनेचे आहेत, बुंध्यांवर बांडगुळे, शेवाळ आणि आमरी आहेत. आमच्या चालकाने वाटेत गाडी थांबवून दालचिनीची एक कोवळी फांदी नखाने खरवडून सासूबाईंच्या हातावर ठेवली, मग गवती चहाचे पाते चुरगाळून दिले, आणि त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नसूनही पुढचा अर्धा तास त्यांचा संवाद वासांवरच चालला होता.

तिथून उतरताना वॉटन वेव्हन या गावी गंधकाच्या गरम पाण्याची कुंडे आहेत. डॉमिनिका हे ज्वालामुखीचे बेट आहे आणि या खोऱ्यात रस्त्याच्या कडेलाही जमिनीतून वाफ निघताना दिसते. वज्रेश्वरीच्या कुंडांची ज्यांना सवय आहे त्यांना हे पाणी परके वाटणार नाही, आणि आईंच्या गुडघ्यांना तर फार बरे वाटेल. कुंडात उतरायला कठडा असलेली जागाच निवडा, तब्येतीची काही तक्रार असल्यास एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू देऊ नका, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी अंगावरची चांदी काढून ठेवायला विसरू नका. सासूबाईंची जोडवी त्या पाण्यात पाहता पाहता काळी पडली होती. घरी आल्यावर चिंच लावून घासली तेव्हा कुठे ती उजळली.

दुपारी एकच्या सुमारास परत शहरात या. बंदरापासून चालत पंधरा मिनिटांवर चाळीस एकरांचे वनस्पती उद्यान आहे, ते बहुतांशी सपाट आहे आणि तिथे आई स्वतः फिरू शकतील. त्या उद्यानात एक पिवळी शाळेची बस आहे, जिच्यावर १९७९ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड चक्रीवादळात गोरखचिंचेचे प्रचंड झाड कोसळले. बस त्या वेळी रिकामी होती. ती चेपलेली बस अजून त्याच जागी, त्याच बुंध्याखाली आहे आणि त्या आडव्या झाडाला पुन्हा पालवी फुटून ते वाढत राहिले आहे. वडील तिथे बराच वेळ थांबतील, तेव्हा घाई करू नका.

आणखी एक गोष्ट मला लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या दोन भेटींच्या मध्ये, १८ सप्टेंबर २०१७ रोजी, मारिया चक्रीवादळ पाचव्या श्रेणीच्या वेगाने या बेटावर आदळले. बहुतेक घरांची छपरे उडाली आणि डोंगरांवर एक पान उरले नाही. २०१९ मध्ये उतार पुन्हा हिरवे झाले होते, पण उंच झाडांचे शेंडे तुटलेलेच होते आणि त्या बोडक्या खोडांवर वेली चढल्या होत्या. आमच्या चालकाने स्वतःचे घर दोन वर्षे थोडे थोडे करून बांधले होते. म्हणूनही मी स्थानिक टॅक्सीच्या बाजूची आहे; ते पैसे थेट त्या घरात जातात.

भाडे ठरवताना ते माणशी आहे की गाडीचे, आणि अमेरिकन डॉलरमध्ये आहे की पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये, हे आधी विचारून घ्या. एका अमेरिकन डॉलरला स्थानिक दोन डॉलर सत्तर सेंट असा दर १९७६ पासून बांधलेला आहे, त्यामुळे नुसत्या ‘डॉलर’ या शब्दाने मोठी गफलत होते. सुट्या लहान नोटा जवळ ठेवा.

होकायंत्र, ह्यूस्टन

दर्याकिनारा यांनी आखलेला दिवस उत्तम आहे, परंतु टॅक्सीच्या बाबतीत मी थोडा सावध सूर लावतो. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबते, स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. चार वर्षांपूर्वी त्याच खोऱ्यातून उतरताना पुढे दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि आम्ही तासभर अडकलो. जहाजावर चढलो तेव्हा शिडी काढायला बारा मिनिटे उरली होती, आणि त्या तासात पत्नीच्या चेहऱ्यावर जी भीती मी पाहिली ती पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही. टॅक्सी घ्यायचीच असेल तर दुपारी एकला शहरात परतण्याची वेळ कसोशीने पाळा. शहरातून बंदर चालत गाठता येते, त्यामुळे एकदा शहरात आलात की चिंता उरत नाही.

घड्याळाकडेही लक्ष असू द्या. सान हुआन आणि रोझो यांची वेळ वर्षभर एकच असते, त्यामुळे तुमचा गोंधळ होणार नाही. मायामीहून निघणाऱ्यांना मात्र हिवाळ्यात तासाचा फरक पडतो आणि जहाजाची वेळ तीच स्थानिक वेळ असे गृहीत धरून लोक चुकतात.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना जहाज चुकणे अधिक महागात पडते. रोझोहून ग्वादलूप आणि मार्टिनिकला बोटी जातात, पण ती दोन्ही बेटे फ्रान्सची असल्याने तिकीट काढून सरळ पुढचे बंदर गाठू, असे आपल्याला करता येत नाही. तुमच्या सफरीत यांपैकी एखादे बेट असेल, तर आईवडिलांना त्यासाठी व्हिसा लागतो का, हे कंपनीकडून आजच लेखी मागवा.

परतताना सान हुआनला तुम्ही पुन्हा अमेरिकेत प्रवेश करता, म्हणून आईवडिलांचा पर्यटक व्हिसा त्या दिवशीही वैध आणि अनेक वेळा प्रवेश देणारा असला पाहिजे. तुम्ही स्वतः एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर पासपोर्टवरचा व्हिसा तपासा. केवळ आय-७९७ हा मंजुरीचा कागद पुरत नाही. मुदत संपलेल्या व्हिसावर कॅनडा किंवा मेक्सिकोहून महिन्याच्या आत परतण्याची जी सवलत आहे, ती या बेटांच्या बाबतीत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (विनिमय कार्यक्रम) व्हिसाधारकांना मिळते. जहाजावरचे काही सहप्रवासी पासपोर्टऐवजी जन्मदाखल्यावर आलेले दिसतील, पण ती सोय अमेरिकन नागरिकांची आहे.

अळूवडी, मडगाव

आईंच्या जेवणाविषयी मी सांगते, कारण त्या बेटावर मला सर्वांत आपलेपणा वाटला तो बाजारात. तिथे ज्याला दाशीन म्हणतात ते आपले अळू आहे. त्याची पाने नारळाच्या दुधात शिजवून कॅलालू नावाचे दाट सूप करतात, आणि पहिला घोट घेताच मला लग्नाच्या पंगतीतले फदफदे आठवले. मात्र त्यात खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारून घ्या. आपल्या कोकणातला नीरफणसही तिथे रोजच्या खाण्यात आहे. तो सालीसकट निखाऱ्यावर भाजतात, आणि आतला गर गरम असताना नुसत्या मिठाबरोबर फार छान लागतो.

तळलेल्या पदार्थांपासून सांभाळा. ‘आक्रा’ दिसतात हुबेहूब भज्यांसारखे, पण त्यांत मासे असतात. ‘बेक’ म्हणजे फुगलेली जाड पुरी, ती साधी मागितल्यास चालते. रास्ताफारी पंथाचे लोक ‘आयटल’ नावाचे जेवण करतात, त्यात मांसमासे मुळीच नसतात. रोझोत अशा लहान खानावळी आहेत आणि चालकाला तो शब्द सांगितला की तो बरोबर नेऊन सोडेल. गोल्डन ॲपल नावाच्या फळाचा रस मिळाला तर वडिलांना जरूर द्या, ते आपल्या आंबाड्याचे सख्खे भावंड आहे.

लष्करी छापाचे हिरवे-तपकिरी कपडे या देशात सामान्य माणसांना कायद्याने वर्ज्य आहेत. मुलांच्या बॅगेत तशी टोपी किंवा अर्धी चड्डी असेल तर ती जहाजावरच ठेवा.

नदीकाठ, न्यू जर्सी

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री आईवडिलांना हे सारे वाचून दाखवले. आईने चांदीची सूचना लक्षात ठेवली आहे, आणि बस व गोरखचिंच यांविषयी ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्ही टॅक्सीच घेऊ आणि एकच्या आत शहरात परतू. वडिलांचा एकच प्रश्न उरला आहे: उत्तरेकडच्या इंडियन नदीतून वल्ह्याच्या होडीने जाता येते असे त्यांनी वाचले आहे. तेही त्याच दिवशी जमेल का?

दर्याकिनारा, ठाणे

रोझोहून जमणार नाही. ती नदी पोर्टस्मथ या गावाजवळ आहे, तिथे पोहोचायलाच साधारण तास लागतो, आणि मग खोरे व नदी यांपैकी एकही धड पाहून होत नाही. पण काही जहाजे रोझोऐवजी उत्तरेला कॅब्रिट्सच्या धक्क्याला लागतात, म्हणून तुमच्या जहाजाचा धक्का कोणता, हे निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहून घ्या. तो कॅब्रिट्स असेल तर माझा सगळा बेत बाजूला ठेवून थेट नदीवर जा. तिथे मोटारबोटींना मनाई आहे, वाटाडे वल्हवतात, त्यामुळे आईंना चालावे लागत नाही. काठावर ज्या झाडांची नागमोडी, फळीसारखी मुळे पाण्यात उतरलेली दिसतात, ती आपल्या बिबळ्याच्या भाऊबंदांपैकी आहेत आणि साल चिरल्यास त्यांतूनही तसाच तांबडा चीक येतो.

रोझोलाच लागलात तर वडिलांसाठी दुर्बीण जरूर घ्या. झेंड्यावर दिसतो तो सिसेरू पोपट उंच डोंगरांत राहतो, त्यामुळे या दिवसभरात तो दिसण्याची आशा धरू नका. पण निळ्या डोक्याचा हमिंगबर्ड जगात केवळ डॉमिनिका आणि मार्टिनिक या दोन बेटांवर आढळतो, आणि आम्हाला तो ट्रॅफल्गारच्या वाटेवर, सज्जाच्या अलीकडे लाल फुलांवर दिसला होता. मुलांना पुढे पळू न देता तेवढ्या जागी पाच मिनिटे आजोबांबरोबर उभे करा.