रिल्स बघून पोरगं हात उचलायला लागलंय, काय करू?

राजारामपुरीची आई:
मुलगा पाचवीत आहे, दहा वर्षांचा. तीन-चार महिने झाले, मोबाईल घेतला की आदळआपट, परवा तर जेवायला बस म्हणून फोन ओढून घेतला तर ताटच भिरकावलं, पांढरा रस्सा सगळा भिंतीवर. वर धाकटीला ढकलताना कॉलर उडवत ते भाई लोकांच्या रिल्समधलं वाक्य, "नाद करायचा न्हाय"! इन्स्टावर अकाऊंट पण काढलंय, जन्मसाल खोटं टाकून. सासूबाई म्हणतात वयच तसलं, ह्यांना तर काही पडलेलीच नाही. मोबाईल पूर्ण बंदच करू का?

पेठकरी:
ताई पहिलं ते अकाऊंट उडवा, इन्स्टाला १३ च्या आत चालतच नाही. आणि संध्याकाळी तालमीत घाला. आमचं बी असलंच होतं, आता जोर-बैठका मारून येतंय, जेवतंय आणि नऊला आडवं.

गप्प बसणारा:
तालमीनं राग जातो व्हय? कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल मॅचला पेठापेठांत काय हाणामारी होतीया ते बघितलंय की आम्ही.

सायकॉलॉजीवाली:
वाक्यासकट नक्कल करतोय ह्यात नवल नाही. १९६१ मध्ये बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रयोग केलेला, मोठं माणूस बाहुलीला बडवताना बघितलं तर बालवाडीच्या वयाच्या पोरांनी पण तिला तसंच बडवलं, शब्द पण तेच. पण सगळं खापर मोबाईलवर फोडू नका, मुळात चिडकं पोरगं पण मोबाईलला जास्त चिकटतं, झोप कमी पडली की अजून चिडतं. रात्री फोन तुमच्याजवळ ठेवा. आणि हिसकावू नका हो, भडका तिथंच उडतो. "एवढं बघून ठेव" म्हणून पण उपयोग नाही, रिल्स संपतच नाहीत. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला फोन ठेवायचा, असं आधीच ठरवा. मारणं वाढलं तर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

राजारामपुरीची आई:
अकाऊंट उडवलं, दोन दिवस घरात सुतक. शिट्टीचं मात्र जमतंय, काल तोंड फुगवून का होईना तिसऱ्या शिट्टीला आला, आज चौथीला. आणि एक गंमत, ते वाक्य कुठनं शिकलास विचारलं तर म्हणतो, पप्पा रोज रात्री मोठ्या आवाजात तेच तर लावतात. हे आता कपाटात हेडफोन शोधालेत.