शिलेदार, बारगीर की नुसते स्वार? आणि 'आउटलॉ'ला काय म्हणायचं?

विचारणा

आमच्या चित्रपट मंडळात 'हँगमन्स नॉट' दाखवायचा आहे. १९५२चा, कोलंबियाचा माफक खर्चातला वेस्टर्न, नायक रँडॉल्फ स्कॉट. मराठी सबटायटल्स माझ्याकडे आली आहेत. गोष्ट १८६५ची, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या अखेरची, नेवाडातली. दक्षिणेच्या सैन्यातली एक छोटी तुकडी उत्तरेचं सोनं लुटते आणि मग तिला कळतं की युद्ध आधीच संपलंय. पुढे एक टोळी तिच्या मागे लागते. ही माणसं स्वतःला कायद्याची म्हणवतात, पण त्यांचा डोळा सोन्यावर आहे. मी दोन शब्दांवर अडले आहे. 'कॅव्हलरीमन'ला घोडेस्वार, स्वार की शिलेदार? आणि 'आउटलॉ'ला काय? डाकू लिहिलं की प्रेक्षक थेट चंबळच्या खोऱ्यात पोचतील.

उत्तर

घोडेस्वार नको, तो घोड्यावर बसलेला कोणीही असू शकतो. स्वार चांगला. पण तुमच्या प्रश्नात शिलेदार आलाच आहे, तर तो तपासून पाहा. तो इथे फार नेमका बसतो.

आपल्याकडे भेद घोड्याच्या मालकीवरून होता. घोडा आणि हत्यार सरकारचं, तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो, तो शिलेदार. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालवाला, एक नालबंद. नाल निखळला तर बारगिराला खिशात हात घालावा लागत नसे. शिलेदाराचं सगळं त्याचं त्यालाच पाहावं लागे.

आता अमेरिकेतलं यादवी युद्ध पाहा. उत्तरेच्या घोडदळाला घोडे सरकार देत होतं. दक्षिणेत मात्र स्वार आपला घोडा घरून आणायचा आणि सरकार त्याला घोड्याच्या वापराबद्दल रोज ४० सेंट द्यायचं. घोडा लढाईत पडला तर ठरलेली किंमत मिळे. आजाराने मेला, थकून निकामी झाला किंवा शत्रूने पळवला, तर नुकसान स्वाराचं. दुसरा घोडा मिळाला नाही की त्याची रवानगी पायदळात. म्हणजे उत्तरेचा स्वार बारगीर आणि दक्षिणेचा शिलेदार, अगदी आपल्या अर्थाने.

९ एप्रिल १८६५ला ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला तेव्हाही हा मुद्दा निघाला. आमच्या लोकांचे घोडे त्यांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत, हे त्याने उत्तरेचा सेनापती ग्रँटच्या कानावर घातलं. ग्रँटने ते घोडे आणि खेचरं घरी न्यायला परवानगी दिली, पेरणीला उपयोगी पडतील म्हणून. हरलेल्या सैन्याला घोड्यासकट घरी जाता आलं ते यामुळे. मला हा सगळ्या युद्धातला फार मोठ्या मनाचा क्षण वाटतो.

दुसरं एक उत्तर

शिलेदाराचा इतिहास पटला, पण सबटायटल दोन सेकंद पडद्यावर राहतं. आज 'अमक्या नेत्याचे शिलेदार' हे रोज पेपरात वाचून तो शब्द 'खंदा समर्थक' या अर्थाने रुळलाय. घोडा कोणाचा, हे कुणाच्या डोक्यात येणार नाही. मी 'स्वार' लिहीन आणि ही माहिती चित्रपटाआधीच्या प्रास्ताविकात सांगीन.

'आउटलॉ'बद्दल. दरोडेखोर हा शब्द माणसाने काय केलं ते सांगतो. कायद्यात तर दरोड्याला पाच किंवा त्याहून जास्त माणसं लागतात, त्याहून कमी असतील तर ती जबरी चोरी. फरारी म्हणजे पळालेला. 'आउटलॉ' मुळात ज्याच्यावरचं कायद्याचं छत्र काढून घेतलं तो; त्याला कुणीही मारावं. तडीपारही नाही, त्याला फक्त हद्दीबाहेर काढतात.

पहिलं उत्तर देणारा, पुन्हा

'स्वार' मान्य. 'आउटलॉ'साठी जुन्या कागदांतला 'पुंड' आठवतो. पुंडावा करणारा, सत्ता न जुमानता मुलूख लुटणारा. अर्थाने तोच जवळचा, पण आज अर्ध्या प्रेक्षकांना तो कळायचा नाही.

माझं म्हणणं असं की या चित्रपटात एकच मराठी शब्द ठरवूच नका. गोष्टीचा सगळा जीवच यात आहे की तीच माणसं, तोच हल्ला, तेच सोनं. पण बातमी पोचण्याआधी ते लष्करी काम होतं आणि नंतर तो दरोडा ठरतो. प्रत्यक्षातही असं घडलं. दक्षिणेचं 'शेनान्डोआ' हे जहाज लीच्या शरणागतीनंतरही उत्तरेची व्हेल मारणारी जहाजं जाळत होतं. ऑगस्टमध्ये खात्रीची बातमी कळल्यावर कप्तानाने अमेरिकेचं बंदर टाळून थेट लिव्हरपूल गाठलं. घरी गेलो तर चाचे म्हणून खटला चालेल, ही भीती होती.

आपल्या बारगिराचंही तेच झालं. १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालवर चालून गेली. आपल्या दप्तरी ती चौथाईसाठीची मोहीम. तिथल्या खेड्यांनी मात्र गावं जळताना पाहिली. बारगीरचा तिथे 'बर्गी' झाला आणि त्याचा अर्थ लुटारू. अजून बंगाली आया अंगाईत बर्गी आल्याचं गातात. हे वाचताना मला मराठी माणूस म्हणून अवघडल्यासारखं होतं आणि तसं व्हायलाच हवं.

म्हणून सबटायटलमध्ये बोलणारा कोण ते बघा. मेजर, म्हणजे स्कॉट, आपल्या लोकांबद्दल बोलेल तेव्हा 'माझे स्वार'. मागावरची टोळी त्यांना 'दरोडेखोर' म्हणेल, कारण तसं म्हटल्यानेच तिला गोळी घालायचा हक्क मिळतो. त्या टोळीला स्कॉटच्या तोंडी 'लुटारू' द्या.

विचारणारी

हे छान जमेल. सहज एक वाक्य करून पाहिलं: 'आम्ही दरोडेखोर नाही, सैनिक आहोत.' इथे 'स्वार' ठेवावं का?

उत्तर

नाही, तिथे सैनिकच. तो घोड्याबद्दल बोलत नाहीये. आणि सार्जंटला हवालदार करू नका, पागेतला हवालदार आता कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, चौकीतला येतो. सार्जंट तसाच राहू द्या.