एमजीए १५०० ला अ‍ॅम्बेसेडरचा मागचा एक्सल: किती कापायचा?

जुनीगाडी_बडोदा
माझी एमजीए १५०० (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. मागच्या एक्सलचं मूळ हाउसिंग (बाहेरचं नळीसारखं कवच) पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकीपाशी तडकलंय. अ‍ॅम्बेसेडरचा अख्खा एक्सल मिळतोय. एमजीएचा मागचा ट्रॅक (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १२३८ मिमी, याचा साधारण १३४५. मग दर बाजूला ५४ मिमी कापले की झालं का? हाफ शाफ्ट (आतून चाक फिरवणारा दांडा) कापून मध्ये वेल्ड केला तर? काम मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याची औद्योगिक वसाहत) करून घेणार आहे.

खरादवाला
शाफ्टला वेल्ड अजिबात नको. पिळ बसला की वेल्डशेजारीच तुटतो, आणि चाक हबसकट बाहेर येऊ शकतं. जुनाच शाफ्ट कापून नवी स्प्लाइन (टोकाचे उभे दाते) पाडायचीही घाई नको: स्प्लाइनच्या आत दांडा बारीक केलेला असेल, तर दात पाडायला धातूच उरत नाही. ईएन२४ या मिश्र पोलादाच्या टी कंडिशन (उष्णतेने कडक केलेल्या) बारमधून (कडकपणा २४८ ते ३०२ बीएचएन) नवी जोडी करून घ्या. फ्लँजच्या मुळाशी गोलाई ठेवायला सांगा, तिथे धारदार कोपरा राहिला की तडा तिथूनच सुरू होतो. मकरपुऱ्यात लेथ ढीगभर आहेत, पण स्प्लाइन हॉबिंग (मशीनवर दाते पाडणं) करणारा आधी पक्का करा आणि नमुन्याला जुना साइड गिअर (ज्यात शाफ्टचे दाते बसतात तो) सोबत न्या.

पाटे_यूबोल्ट
ट्रॅकवरून कापू नका, त्यात रिमचा ऑफसेट (रिमचा मध्य आणि बसण्याचा फेस यांतलं अंतर) येतो. चाक बसतं त्या फेसपासून फेसपर्यंत दोन्ही एक्सल मोजा. पिनियनच्या (प्रॉपेलर शाफ्ट जोडतो त्या छोट्या गिअरच्या) मध्यरेषेपासून प्रत्येक बाजू वेगळी मोजा. डावं-उजवं सारखं नसेल तर ५४-५४ चा हिशेब चुकतो आणि प्रॉपेलर शाफ्ट तिरका बसतो.

खरी गोम वेल्डिंगमध्ये आहे. नळीचा सरळ भागच कापा, बॅंजोच्या (मधल्या फुगीर गोल भागाच्या) उताराचा नाही. क्राउन (मोठं दातेरी चाक) काढून डिफचं (डिफरन्शिअलचं) हेड बोल्टून ठेवा, साइड बेअरिंगच्या जागी खरादलेल्या चकत्या घाला, टोकांनाही घाला आणि आरपार सरळ बार सरकवा. कडेला व्ही-चॅम्फर, वेल्डचे चार छोटे टाके समोरासमोर, मग २०-२५ मिमीचे तुकडे आलटून-पालटून. ७०१८ वेल्डिंग रॉड भट्टीत तापवूनच वापरा. थंड झाल्यावर बार हाताने सरकला पाहिजे. अडकला तर हातोडा घालू नका, नळी वाकलीय.

पाट्याच्या बैठका आधी नुसत्या टाके मारून धरा. गाडी चाकांवर वजनासह उभी करून पिनियनची रेषा गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर आणा, मगच पूर्ण वेल्ड. नाहीतर क्रॉस जॉइंट वाजणार.

जुनीगाडी_बडोदा
या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे) कसा ओळखायचा? प्लेटच नाही.

खरादवाला
एक चाक घट्ट धरा, दुसरं दोन फेरे फिरवा. पिनियन जितके फेरे घेईल तितका रेशो. एमजीए १५०० चा ४.३ आहे. त्याहून मोठा आला तर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल आणि स्पीडोमीटरही चुकेल. रिमचे बोल्ट जुळतात का तेही आजच पाहा, नाहीतर हब नवे करावे लागतील आणि हिशेब तिथेच बिघडेल. शेवटी हायपॉइड ईपी ९० गिअर तेल आणि नवे सील.