साक्षीआधी लिहून घ्या

येशूचं किंवा देवदूताचं दर्शन झालं असं सांगणाऱ्या मुलाला त्याच रविवारी चर्चमध्ये साक्षीला (सर्वांपुढे अनुभव सांगायला) उभं करावं, असं काहीजण म्हणतात; मला ते पटत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपल्याला तिसऱ्या स्वर्गात नेल्याची गोष्ट १४ वर्षांनी काढली, तीही स्वतःचं नाव न घेता, ‘एक मनुष्य’ म्हणून (२ करिंथ १२). युवा शिबिरात उपास आणि रात्रभराची प्रार्थना झाली की पोरं पेंगतात. डोळा लागताना उजेड दिसणं, आवाज येणं नेहमीचंच. त्यात कुणी ‘झगा पांढरा होता का?’ विचारलं की पुढच्या साक्षीत झगा येतोच! म्हणून पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) एकट्यात ‘काय झालं, सांग’ एवढंच म्हणावं. खानापूर-बेळगावकडे पोरं घरी मराठी, कोकणी, कन्नड जे बोलतात, त्याच भाषेत शब्दन् शब्द तारखेसह लिहावा. झोप, जेवण, ताप, चालू गोळ्याही नोंदवाव्यात. मोबाईल लांब.

कॅथलिकांसाठी अशा दर्शनांबद्दल व्हॅटिकनची २०२४ची नियमावली आहे: चौकशी बिशपांची, समितीत किमान एक ईशज्ञानी (धर्मशास्त्राचा अभ्यासक), एक चर्च-कायद्याचा जाणकार, एक विषयतज्ज्ञ, निर्णय जाहीर करण्याआधी रोमची मंजुरी. सर्वांत अनुकूल शेरासुद्धा ‘हरकत नाही’ इतकाच. पोर्तुगालमधल्या फातिमा गावी १९१७मध्ये मुलांना झालेल्या मरियेच्या दर्शनांनाही स्थानिक बिशपांची मान्यता १३ वर्षांनी, १९३०मध्ये मिळाली.