मदत हवी आहे: दादाच्या पोटातला दाब वाढलाय, पोट उघडं ठेवणार म्हणतात

दादाचं आतडं फुटून तातडीचं ऑपरेशन झालं. आत पू पसरला होता. बीपी टिकेना म्हणून सलाइन भरपूर द्यावं लागलं. आता तो व्हेंटिलेटरवर आहे. पोट ढोलासारखं ताणलंय आणि लघवी जवळजवळ थांबलीय. लघवीच्या नळीतून दाब मोजतात, तो १६ वरून २४ वर गेलाय. सर्जन म्हणाले, उतरला नाही तर टाके काढून पोट काही दिवस न शिवता ठेवावं लागेल. संमतीचा कागद हातात आहे, वहिनी नको म्हणतात. उघड्या पोटात जंतू शिरतील ही भीती मलाही आहे. डायलिसिसवर भागणार नाही का? आयसीयूत काम करणारं कुणी असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
मी आयसीयूत डॉक्टर आहे. पेशंट पाहिलेला नाही, त्यामुळे निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. आयसीयूतल्या गंभीर पेशंटमध्ये हा दाब साधारण ५ ते ७ असतो. तो २० च्या वर टिकून राहिला आणि एखादा अवयव नव्याने बंद पडू लागला, तर त्याला अब्डॉमिनल कम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. लघवी थांबलीय म्हणून सर्जन घाई करत असणार. दाबामुळे किडनीला रक्त पोचत नाही, आणि छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला गेल्याने फुप्फुसांना फुगायला जागा राहत नाही. डायलिसिसने अंगातलं पाणी काढता येतं, पण वेळ लागतो, आणि बीपी पडलेलं असताना फार ओढता येत नाही.

आधीचे उपाय झाले का, ते जरूर विचारा: नाकातल्या नळीने जठर रिकामं करणं, वेदना आणि झोपेची औषधं, थोडा वेळ स्नायू सैल करणारं इंजेक्शन, सोनोग्राफीत पाणी साचलेलं दिसलं तर नळी घालून काढणं, सलाइन आवरतं घेणं. आकडा सपाट झोपवून, श्वास सुटल्यावर घेतलेला हवा. डोक्याकडची बाजू उचललेली असली तर तो जास्त येतो.

पोट उघडं म्हणजे वाऱ्यावर नसतं हो. आतड्यांवर निर्जंतुक प्लास्टिकचा पडदा, वर स्पंज, त्यावर हवाबंद चिकटपट्टी, आणि सक्शनने पाणी ओढलं जातं. सूज उतरली की बंद करतात. धोके आहेतच. आतड्याला भोक पडू शकतं, पुढे हर्निया होऊ शकतो, आणि बंद करायला उशीर होईल तसे ते वाढतात. म्हणून बंद कधी करायचा विचार आहे, हेही आजच विचारा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. वहिनींना पडद्याचं वाचून दाखवलं, त्या तयार झाल्या. इंजेक्शन देऊन सपाट झोपवून पुन्हा मोजला, तरी २३. सही करतोय. उघडल्यावर लगेच काही धोका?

प्रतिसाद:
दाब एकदम सुटला की बीपी कोसळू शकतं, भूलतज्ज्ञ त्या तयारीत असतात. नंतरही मोजणं चालू ठेवतील, पट्टीखालीसुद्धा दाब पुन्हा चढू शकतो. जमेल तेव्हा कळवा.